छंद, ऋतू आणि नकार : दुर्गा भागवत आणि हरित वसई

१

विरारच्या पूर्व भागात मनवेलपाडा आहे. उत्तर कोकणात 'पाडा' म्हणजे मुख्य गावापासून अलग वसलेली लहान वस्ती. तिच्याभोवती शेत, रान आणि पाणवठा असणार हे त्या शब्दातच गृहीत असते. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी सुटू लागली; परंतु त्यानंतरही शंभराहून अधिक वर्षे वसई तालुक्याचे रूप मुख्यतः वाड्या, मिठागरे, भातखाचरे आणि कोळीवाडे यांचेच राहिले. १९८० नंतरच्या तीन दशकांत हे रूप पालटले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली. मनवेलपाड्याच्या नावात 'पाडा' टिकून राहिला, पण पाड्याचा परिसर इमारतींच्या रांगांत मिटून गेला.

अशा वस्तीतील माणसाचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. त्याने एखादा छंद केव्हा जोपासावा, झाडापाखरांकडे केव्हा पाहावे आणि सार्वजनिक अन्यायाविरुद्ध केव्हा उभे राहावे, हा प्रश्न आजकाल 'समतोल' या शब्दाने मांडला जातो. या मांडणीत दिवसाचे चोवीस तास हे भांडवल ठरते. छंद, निसर्ग आणि राजकारण हे त्याचे तीन वाटेकरी ठरतात. एकाला अधिक दिले तर दुसऱ्याला कमी पडणार, हे ओघानेच येते.

मराठी समीक्षेनेही नकळत हीच वाटणी स्वीकारलेली दिसते. छंद आणि निसर्ग 'ललितगद्य' या कप्प्यात जातात. प्रतिकार 'सामाजिक बांधिलकी'च्या कप्प्यात जातो. ज्या लेखकाच्या आयुष्यात या तिन्ही गोष्टी एकत्र नांदल्या त्याच्या वाङ्मयाचे आपण दोन-तीन तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याची स्वतंत्रपणे वाखाणणी करतो. प्रस्तुत विवेचनात या वाटणीची तपासणी दोन ऐतिहासिक प्रसंगांच्या आधारे करावयाची आहे. पहिला प्रसंग दुर्गा भागवतांचा, १९७५-७६ मधला. दुसरा वसईतील हरित चळवळीचा, १९८० च्या दशकाच्या अखेरचा. पहिला प्रसंग एका एकट्या लेखिकेच्या घरापासून वाचनालयापर्यंतचा आहे, तर दुसरा मनवेलपाड्यापासून फार दूर नसलेल्या वाड्यांमधला आहे. दोहोंत मिळून एक गोष्ट स्पष्ट होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे : छंद, निसर्गदृष्टी आणि प्रतिकार यांचा संबंध वेळेच्या वाटपाचा नाही, ती एकाच सवयीची तीन रूपे असू शकतात. मात्र ती तशी आपोआप होत नाहीत, आणि हाच यातील खरा अडचणीचा भाग आहे.

२

मराठी गद्यात छंदाला प्रतिष्ठा मिळाली ती लघुनिबंधामुळे. १९३० च्या दशकात ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी हा प्रकार रूढ केला. रोजच्या जीवनातील किरकोळ वस्तू, लहानसहान आवडीनिवडी, एखादी लकब हे त्याचे विषय. वाचकाशी खाजगीत बोलावे तसा त्याचा स्वर. लघुनिबंधाने मराठी गद्याची जडता कमी केली आणि सामान्य माणसाच्या दिवसाला वाङ्मयीन विषय बनविले, हे त्याचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु या प्रकारात छंद बहुधा फुरसतीचा सोबती म्हणून येतो. काम संपल्यावरची, जबाबदारीबाहेरची ती जागा आहे. वस्तूपेक्षा वस्तूविषयी बोलणाऱ्याचे व्यक्तिमत्त्व तेथे महत्त्वाचे असते. फुलाच्या निमित्ताने लेखक दिसतो, फूल मात्र पुष्कळदा अदृश्यच राहते.

त्याच दशकांत कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद फडके आणि खांडेकर यांच्या नावांभोवती गाजला. वरवर पाहता हे दोन पक्ष परस्परविरोधी होते. तथापि दोहोंचे एक गृहीतक समान होते : सौंदर्याचा आस्वाद आणि सामाजिक कर्तव्य या दोन भिन्न भूमी आहेत, आणि लेखकाने त्यांपैकी एकीवर उभे राहायचे किंवा दोहोंमध्ये पूल बांधायचा. त्या भूमी मुळात वेगळ्या आहेत का, हा प्रश्न त्या वादात विचारलाच गेला नाही. पुढील काळातील 'बांधिलकी'विषयक चर्चेनेही हे गृहीतक बव्हंशी तसेच पुढे चालविले.

'छंद' या मराठी शब्दाचा येथे थोडा विचार करण्यासारखा आहे. त्याचा एक अर्थ आवड, नाद, ध्यास. दुसरा अर्थ पद्यातील वृत्त. पहिल्या अर्थाने छंद हा नियमापासूनची सुटका वाटतो. दुसऱ्या अर्थाने तो स्वतः पत्करलेला नियम आहे. लघुनिबंधाने पहिला अर्थ उचलला. दुर्गा भागवतांच्या लेखनात आणि जगण्यात मात्र दुसरा अर्थ पहिल्याच्या आत आलेला दिसतो, आणि तेथून त्यांची वाट निराळी होते.

३

दुर्गा भागवत यांचा जन्म १९१० मध्ये इंदूर येथे झाला. विद्यार्थिदशेत त्या स्वातंत्र्यचळवळीकडे ओढल्या गेल्या आणि काही काळ त्यांचे शिक्षण बाजूला पडले. पुढे प्राचीन बौद्ध विधिविचारावर त्यांनी प्रबंध लिहिला. मध्य प्रांतातील आदिवासींमध्ये संशोधन करीत असताना झालेल्या विषबाधेने त्यांना दीर्घ आजारपण आले. डॉक्टरेटचे काम अपुरे राहिले. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून राहावे लागले. अभ्यासकाच्या दृष्टीने ही हानी मोठी होती. परंतु हालचाल थांबलेल्या या काळात जवळच्या गोष्टींकडे दीर्घकाळ पाहत राहण्याची सवय त्यांच्या ठायी मुरली, असे त्यांच्या नंतरच्या लेखनाकडे पाहता म्हणावे लागते.

'ऋतुचक्र' १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी महिन्यांच्या क्रमाने वर्षभराच्या निसर्गाचे दर्शन घडविणारे हे पुस्तक मराठी ललितगद्यातील एक मानदंड मानले जाते. त्याच्या भाषेच्या लावण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामागच्या शिस्तीविषयी त्या मानाने थोडे. कोणते झाड केव्हा पालवते, कोणता रंग कोणत्या पंधरवड्यात उतरू लागतो, ढगांची जात आषाढात कोणती आणि भाद्रपदात कोणती, हे सांगता येण्यासाठी एकाच झाडाकडे, एकाच आकाशाकडे पुनःपुन्हा जावे लागते. निसर्गवर्णनाच्या कवी-संकेतांवर विसंबून हे काम होत नाही. संकेत सांगतो की वसंतात सारे फुलते. निरीक्षण सांगते की त्याच वसंतात काही झाडे निष्पर्ण उभी असतात. 'ऋतुचक्रा'चे सामर्थ्य संकेताच्या ठिकाणी अनुभवलेला तपशील ठेवण्यात आहे.

'लोकसाहित्याची रूपरेषा' हा त्यांचा ग्रंथही याच सुमाराचा. ललितगद्य लिहिणारी लेखिका आणि लोकसाहित्याची अभ्यासक या दोन व्यक्ती नव्हेत. म्हणी, व्रते, कहाण्या, ओव्या यांकडे पाहण्याची त्यांची रीत आणि फुलापानांकडे पाहण्याची रीत एकच आहे : वस्तू आधी नीट पाहायची, तिचे नाव आणि तिचे स्थानिक रूप नोंदवायचे, आणि मगच अर्थाकडे वळायचे. तीच गोष्ट त्यांच्या छंदांची. पाककलेत त्यांना सखोल गती होती. 'खमंग' हे त्यांचे पुस्तक त्याची साक्ष देते. विणकाम-भरतकामातही त्यांना रस होता. या हस्तकौशल्यांना मोठ्या विद्वत्तेच्या कडेची हौस समजण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु टाका चुकला तर तो उसवावा लागतो, फोडणी करपली तर शब्दांनी ती सावरता येत नाही. हाताच्या कामात फसवणुकीला जागा थोडी असते. अशा कामांची रोजची सवय असलेल्या माणसाला पोकळ शब्द लवकर ओळखू येतो, असे अनुमान अवास्तव ठरू नये.

येथे स्त्रीच्या दिनक्रमाचाही मुद्दा आहे. स्वयंपाक आणि शिवणटिपण ही बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत सक्तीची, दाम नसलेली कामे होती आणि आहेत. दुर्गाबाई अविवाहित होत्या. त्यांच्या वाट्याला या कामांतील निवड आली, जी इतर असंख्य स्त्रियांच्या वाट्याला आली नाही. म्हणूनच त्यांचे उदाहरण सर्वांसाठी नमुना म्हणून पुढे करता येत नाही. परंतु घरकामातल्या ज्ञानाला त्यांनी संशोधनाच्या तोलाचे मानले, हे नोंदविले पाहिजे. भारतीय स्त्रीचे घरगुती कसब हा लोकसंस्कृतीचाच एक दस्तऐवज आहे, ही दृष्टी त्यातून आली.

४

दुर्गाबाईंच्या वाङ्मयीन जीवनातील एक दुवा समीक्षेत पुरेसा हाताळला गेलेला नाही. १९६० च्या दशकात त्यांनी हेन्री डेव्हिड थोरोच्या 'वॉल्डन'चा अनुवाद 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने केला. त्याचे चरित्रही मराठीत आणले. त्या चरित्राला त्यांनी दिलेले नाव लक्षणीय आहे : 'काँकॉर्डचा क्रांतिकारक'. तळ्याकाठी राहणारा निसर्गप्रेमी, एकांतप्रिय ऋषी ही थोरोची लोकप्रिय प्रतिमा त्यांनी शीर्षकासाठी निवडली नाही. निसर्गाचा भक्त म्हणून ज्याची ख्याती, त्याला त्यांनी क्रांतिकारक म्हटले. 'ऋतुचक्र'कर्तीने हे म्हणावे याला वाङ्मयेतिहासात अर्थ आहे.

थोरो १८४५ च्या जुलैत वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला आणि १८४७ च्या सप्टेंबरात परतला. त्या वास्तव्यातच, जुलै १८४६ मध्ये, त्याला एक रात्र तुरुंगात काढावी लागली. गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या शासनाला डोईपट्टी द्यायची नाही, असा त्याचा निश्चय होता. सविनय कायदेभंगाविषयीचा त्याचा निबंध १८४९ मध्ये आणि 'वॉल्डन' १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत थोरो वाचला आणि १९०७ मध्ये 'इंडियन ओपिनियन'मधून त्याचा परिचय करून दिला, हा इतिहास परिचित आहे.

त्या अटकेचा तपशील मात्र येथे अधिक उपयोगाचा आहे. थोरो चांभाराकडे दुरुस्तीला दिलेला जोडा आणायला गावात निघाला होता. वाटेत त्याला पकडले. दुसऱ्या दिवशी कोणी तरी त्याची पट्टी परस्पर भरल्यामुळे तो सुटला. सुटल्यावर तो आधी चांभाराकडे गेला, जोडा घातला आणि रानफळे वेचायला निघालेल्या मंडळींबरोबर टेकडीवर गेला. हा प्रसंग त्याने स्वतःच निबंधात घातला आहे. त्यातील विनोद उघड आहे. परंतु त्याहून महत्त्वाची आहे ती त्यातील रचना. तुरुंग हा त्याच्या दिवसाचा अपवाद नाही. जोडा, तुरुंग, रानफळे हे एका दिवसाचे सलग टप्पे आहेत. प्रतिकारासाठी तो आपले जीवन सोडून कोठे जात नाही. तो आपले जीवन जगत असताना शासन त्याच्या वाटेत आडवे येते.

थोरो बासरी वाजवीत असे, घरच्या कारखान्यात पेन्सिली बनवीत असे आणि उपजीविकेसाठी जमिनीची मोजणी करीत असे. या शेवटच्या कामात एक काटा होता : ज्या रानांवर त्याचे प्रेम, त्यांचीच मोजणी तो मालकांसाठी करी, आणि मोजलेली राने पुढे तोडली जात. निसर्गप्रेमी माणूसही निसर्गाच्या व्यापारातून सुटलेला नसतो, हे त्याला ठाऊक होते. त्याने १८५० च्या दशकात काँकॉर्डमधील शेकडो वनस्पतींच्या फुलोऱ्याच्या तारखा टिपून ठेवल्या. दीडशे वर्षांनंतर हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्या नोंदी आधार म्हणून वापरल्या आणि तेथील फुले आता आधी उमलतात, हे दाखवून दिले. छंद म्हणून केलेली नोंद साक्ष ठरली. अर्थात साक्ष देण्याच्या हेतूने ती केलेली नव्हती. नेमकेपणाच्या आग्रहाने केलेली होती, म्हणूनच ती साक्ष म्हणून टिकली.

५

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली, विरोधी नेते तुरुंगात गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कराड येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत होत्या. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्रिमंडळातील ज्येष्ठ मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण यांची प्रकृती बंदिवासात खालावल्यामुळे त्यांना नोव्हेंबरात सोडण्यात आले होते आणि मुंबईत त्यांच्यावर उपचार चालू होते. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीचा निषेध केला आणि जयप्रकाशांना आराम पडावा म्हणून श्रोत्यांना प्रार्थनेचे आवाहन केले. त्या क्षणी सभामंडपात जयप्रकाशांचे नाव उच्चारणे हेच राजकीय कृत्य होते. त्यासाठी घोषणा लागली नाही. आजारी माणसासाठी प्रार्थना हा मराठी घरातला अगदी रोजचा, साधा आचार त्यांनी सार्वजनिक केला, आणि त्याला हरकत घेणे अवघड करून ठेवले.

१९७६ मध्ये त्यांना अटक झाली. अटकेची जागा सर्वश्रुत आहे : मुंबईच्या टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. तेथे त्या वर्षानुवर्षे वाचीत बसत. त्यांना आर्थर रोड तुरुंगात ठेवण्यात आले. काँकॉर्डचा जोडा आणि मुंबईचे ग्रंथालय यांच्यातील साम्य येथे ध्यानात यावे. शासनाला त्या सापडल्या त्या आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या कामात. प्रतिकार करण्यासाठी त्यांनी अभ्यास थांबविला नव्हता. अभ्यास सोडला नाही म्हणूनच तो प्रतिकार त्यांना झेपला, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. आणीबाणीनंतरही त्यांनी शासकीय मानसन्मान नाकारण्याचा आपला बाणा सोडला नाही. त्या २००२ मध्ये निवर्तल्या. 'पैस'साठी त्यांना १९७१ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, हे ध्यानात घेता हा नकार सन्मान न मिळाल्याच्या वैतागातून आलेला नव्हता.

समीक्षेपुढचा प्रश्न असा : 'ऋतुचक्र' आणि कराड यांत नाते आहे की नाही? नाते नाही, असे मानले तर कराडचे भाषण हा चारित्र्याचा गुण ठरतो आणि 'ऋतुचक्र' हा शैलीचा. मग दोहोंचा विचार वेगवेगळ्या प्रकरणांत करणे योग्यच. परंतु आणीबाणीतील शासकीय भाषेचे स्वरूप पाहिले म्हणजे नाते दिसू लागते. ती भाषा संकेतांची होती. शिस्त, अनुशासन, प्रगती हे शब्द वस्तूंच्या जागी बसविले गेले होते. तुरुंगातल्या माणसांची नावे छापता येत नव्हती. ज्या लेखिकेने आयुष्यभर संकेताच्या जागी पाहिलेली वस्तू ठेवण्याचा नेम पाळला, तिला ही भाषा सहन होणे कठीणच होते. तिने सभेत जे केले ते 'ऋतुचक्रा'त केले होते तेच : जे आहे त्याचे नाव घेतले.

६

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो गंभीर आहे. निसर्गावर प्रेम करणारे, छंद जोपासणारे, भाषेविषयी दक्ष असलेले कितीतरी मराठी लेखक १९७५ मध्ये गप्प राहिले. नेमके निरीक्षण आणि नैतिक धैर्य यांत कार्यकारणसंबंध असता तर असे घडले नसते. किंबहुना निसर्ग हा कोलाहलापासून पळून जाण्याचा सर्वांत सभ्य मार्ग असतो. फुलांविषयी लिहिणाऱ्याला कोणतीही राजवट त्रास देत नाही. लघुनिबंधाची परंपरा पाहता हा पळ मराठीत पुष्कळ वेळा काढला गेला आहे.

हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. मात्र त्यातून निष्पन्न होते ते एवढेच की छंद आणि निसर्गदृष्टी ही प्रतिकाराची पुरेशी अट नव्हे. दुर्गाबाईंच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे त्यांच्या छंदांना आणि अभ्यासाला आश्रयदात्याची गरज नव्हती. ज्याचा आनंद स्वस्त आणि स्वतःच्या हातचा आहे, त्याला धमकी देऊन काढून घेण्याजोगे फारसे काही शासनाकडे उरत नाही. थोरोने गरजा कमी करण्यावर दिलेला भर या दृष्टीने वाचला पाहिजे. तो वैराग्यापेक्षा स्वातंत्र्याचा हिशेब आहे. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी निसर्गाला माणसांपासून वेगळे काढले नाही. आदिवासी, लोककथा सांगणाऱ्या बाया, देवळांतले भाविक, घरातली कामकरी माणसे यांच्याकडे त्याच नजरेने पाहिल्यामुळे ती नजर झाडाशी थांबली नाही. जेथे नजर झाडाशी थांबते तेथे निसर्गप्रेम अलंकार बनते.

तरीही एक मर्यादा उरते. दुर्गाबाईंचा प्रतिकार एकटीचा होता. तो नकार होता, संघटन नव्हते. नकार देणाऱ्याला सोबत्यांची वाट पाहावी लागत नाही, ही त्याची शक्ती. आणि तो ज्याचा त्यालाच द्यावा लागतो, दुसऱ्याकडे सोपविता येत नाही, ही त्याची मर्यादा. रोजचे जगणे आणि प्रतिकार यांचा सामूहिक सांधा कसा जुळतो, हे पाहण्यासाठी वसईकडे वळावे लागते. काळाने ही घटना आणीबाणीनंतर एका तपाने येते, आणि तिच्यातला धोकाही निराळा आहे : येथे गळचेपी भाषेची नव्हती, जमिनीची आणि पाण्याची होती.

७

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाडी ही निसर्ग आणि उद्योग यांच्या सरमिसळीतून घडलेली वस्तू आहे. केळी, नागवेल, फुले आणि भाजीपाला ही तिची पिके; राजेळी केळ्यांची सुकेळी ही तिची ख्याती. समुद्र जवळ असल्यामुळे गोडे पाणी येथे उथळ थरात साठते. बावखले पावसाचे पाणी धरून ठेवीत आणि विहिरींना पाझर देत. रहाटाने उपसले जाणारे पाणी विहीर जेवढे भरून काढी तेवढेच घेतले जाई. या व्यवस्थेत निसर्गाचा आस्वाद हा कामानंतरचा विसावा नसतो. पानाच्या वेलीवरची कीड वेळेवर दिसणे, विहिरीच्या पाण्याची चव पालटलेली जिभेला कळणे ही उपजीविकेची अट असते. दुर्गाबाईंनी आजारपणात आणि अभ्यासातून कमावलेली दक्षता वाडीवाल्याला श्रमातून मिळते. शहरी ललितगद्याने या दक्षतेला वाङ्मयात क्वचितच जागा दिली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला. १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. नळाचे पाणी नसलेल्या नव्या इमारतींना वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. समुद्रकाठच्या जमिनीत गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते. एकदा विहीर खारी झाली की वाडी संपते. या संकटातून हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. तिचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले. ते विरारजवळच्या नंदाखालचे. वाडीच्या संस्कृतीतच वाढलेले. धर्मगुरू, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि मराठी लेखक या त्यांच्या तिन्ही भूमिका त्या काळात एकाच वेळी चालू होत्या. 'सुवार्ता'चे संपादन त्यांनी १९८३ ते २००७ असे प्रदीर्घ काळ केले.

'सुवार्ता'चे वैशिष्ट्य असे की धर्मविषयक नियतकालिकात पाणी, जमीन आणि परिसरातील दहशत हे विषय आले आणि त्याच पानांवर स्थानिक माणसांच्या लेखनालाही जागा मिळाली. लेखन हा अनेकांचा मोकळ्या वेळेतला छंद होता. परंतु त्या छंदाने वाडीविषयी बोलण्याची मराठी तयार केली. घरात सामवेदी वा वाडवळी बोली आणि छापील पानावर प्रमाण मराठी, असा हा प्रवास होता. नाताळचे गोठे उभारणे, लग्नगीते, बँड, गावजेवणे या सामूहिक हौशीही येथे विसरून चालणार नाही. गोठा उभारण्यासाठी जमणारी, गाणे एका सुरात म्हणण्याची सवय असलेली माणसे मोर्चासाठीही जमू शकतात. एकत्र येण्याचा सराव आधी झालेला असतो. चळवळीच्या इतिहासलेखनात पुढारी आणि ठराव येतात. हा सराव क्वचितच येतो.

मात्र येथेही साऱ्या वाडीवाल्यांची एकच भूमिका होती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जमिनी केवळ बळजबरीने गेल्या नाहीत. पुष्कळ विकल्या गेल्या. वाडी जिच्या श्रमावर चालते त्या पिढीला मुलांसाठी निराळे आयुष्य हवे असणे अन्यायाचे नव्हते. आणि टँकरचे पाणी ज्यांच्या घरी गेले तीही मुंबईत परवडणारे छप्पर न मिळालेली माणसेच होती. चळवळीचे नैतिक बळ यात होते की तिने 'हिरवे सुंदर असते' एवढ्यावर न थांबता पाणी कोणाचे, हा प्रश्न विचारला. तिची अडचणही तेथेच होती : त्या प्रश्नाला इमारतीत राहणाऱ्याचेही उत्तर असते. पुढे २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा गावे वगळण्यासाठी पुन्हा मोठे आंदोलन झाले. १९८० च्या दशकात घातलेला सराव त्या वेळी कामी आला, असे म्हणता येते.

दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले; जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या वाङ्मयाचा विचार आजवर मुख्यतः 'ख्रिस्ती मराठी साहित्य' या शीर्षकाखाली झाला आहे. ते शीर्षक चुकीचे नाही, पण अपुरे आहे. बायबलचा सुबोध अनुवाद करणारा, प्रवासवर्णने लिहिणारा आणि विहिरीच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरणारा हा एकच लेखक आहे. अनुवाद करताना शब्दाला शब्द न ठेवता अर्थाशी इमान राखावे लागते. विहिरीविषयी बोलतानाही तेच लागते.

८

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे साम्याइतकाच भेदही दिसतो. दुर्गाबाईंच्या ठायी दक्षता निवडीतून आली, वसईत ती श्रमातून आली. एकीकडे नकार होता, दुसरीकडे संघटन. एकीकडे धोका शब्दाला होता, दुसरीकडे पाण्याला. परंतु दोन्हीकडे प्रतिकार हा दिनक्रमाबाहेरून आणलेला नव्हता. ग्रंथालयातले टेबल आणि वाडीतली विहीर या रोजच्या जागा होत्या, आणि संकट आले ते त्या जागांवर. ज्यांनी त्या जागा नीट पाहिल्या होत्या त्यांनाच संकट आधी कळले.

म्हणून 'समतोल' हा शब्द येथे दिशाभूल करतो. तराजूच्या पारड्यांत जे ठेवायचे ते आधी वेगळे असावे लागते. मराठी समीक्षेने छंद, निसर्ग आणि राजकारण यांना वेगळे केले ते वाचनाच्या सोयीसाठी. त्या सोयीला आता सिद्धान्ताचा दर्जा मिळाला आहे. ललितगद्याचा इतिहास पुन्हा लिहिताना निराळा प्रश्न विचारता येईल. या गद्यातली नजर कोठे थांबते? फुलापाशी थांबते, फुलवाल्यापर्यंत जाते, की फुलाला लागणाऱ्या पाण्यापर्यंत पोचते? या कसोटीवर काही गाजलेले लेखक किरकोळ ठरतील आणि ज्यांना ललित म्हणून बाजूला ठेवले त्यांपैकी काही मध्यभागी येतील.

मनवेलपाड्यातल्या माणसाला या विवेचनाने वेळ मिळवून दिलेला नाही, हे खरेच आहे. त्याचा प्रवास तेवढाच लांब राहतो. परंतु त्याच्या मुक्कामाच्या नावातला 'पाडा' एका पाणवठ्याची आठवण देतो. तो पाणवठा कोठे होता, त्याचे पाणी कोठे गेले आणि आपल्या नळाला किंवा टँकरला ते कोठून येते, एवढे शोधायला निघालेला माणूस छंद, निसर्ग आणि राजकारण या तिन्हींत एकाच वेळी शिरलेला असतो. त्यासाठी त्याला दिवसाचे तीन भाग करावे लागत नाहीत.